चार चिखल्या आणि एक मेढ

प्रताप नगर, नागपूर
रामनवमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप गोपाळदादांच्या चरणी,

दुर्गेशचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे. आडवा झालो असतो तर हे पत्र लिहायला उठता आलं नसतं.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची शुगर? सोसायटीची लिफ्ट सुरू झाली, की तिच्यावर अजून सर्वसाधारण सभाच चालू आहे? कानाचं नवं मशीन घेतल्याचं कळलं. ते लावता, की कोणी बोलायला आलं की काढून खिशात ठेवता, तेही कळवावं. मागच्या मशीनचा बहुतेक काळ खिशातच गेला होता, म्हणून विचारलं.

आता कारण. आपल्या मयुराचं लग्न ठरलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पत्रिका व्हॉट्सॲपवर पोचली, तिच्यावर दोन निळ्या खुणाही उमटल्या. त्यामुळे त्या विषयात काही राहिलेलं नाही, असं माझं आपलं मत होतं. अडचण निराळीच निघाली. लग्न वर्धा रोडवरच्या लॉनवर आहे, पण मांडव घरीच पडणार. अंगणात मी मोठ्या हौसेने सिमेंटचे गट्टू बसवून घेतले आहेत, त्यांतला एक उचकून मेढीसाठी खड्डा काढायचा, इथपर्यंत माझी तयारी होती. पुढचं तुम्ही जाणताच. त्या खड्ड्यात मूठभर चिखलीची माती टाकायची, वरून पाणी ओतून तिचा चिखल करायचा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या लेकीने त्यात मेढ उभी करायची. चिखलीकरांच्या घरात याशिवाय मांडव पडलेला नाही. आणि सगळ्यात मोठी लेक म्हणजे अर्थातच कुसुमआत्या, वयाने ऐंशीच्या पुढे, वजनाने चाळिशीच्या मागे, आणि आवाजाने अजून माहेरच्याच मालकीची.

ती गेल्या आठवड्यात आली, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काहून गा दुर्गेश, माती कोण आणून राहिलं?" मी म्हटलं, आत्या, माती काय, मातीच असते, कोपऱ्यावर बांधकाम चालू आहे तिथून आणतो. ती म्हणाली, "तशी तर बाईबी बाईच असते. मग मेढ तुझ्या बायकोच्या भिशीतल्या बायांकडून लावून घे." आमच्या मोहितच्या लग्नात गोपाळने पुण्याहून येताना बरोब्बर माती आणली, म्हणून तिने मेढीला हात लावला. आपल्या चिखलीची माती आली तर ती हात लावेल, नाही तर जेवायला येईल, आहेर देईल, आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांना नावं ठेवेल. (तिसरी गोष्ट ती तशीही करणारच आहे.) यावर आमची मयुरा, जी आजवर कुठल्याही रूढीच्या बाजूने एक अक्षर बोललेली नाही, ती उठली आणि म्हणाली, "आत्याआजी नाही तर मांडवच नको. मी कोर्टात सही करून येते." तुम्हाला ठाऊक आहे, प्रीती नि मी दोघंही सदरच्या ऑफिसात नोकरीला, पोरगी आत्याच्या मांडीवर वाढली. वेणी घालायला तिथं, रुसून बसायला तिथं. ती जे बोलते ते करते. म्हणजे दादा, प्रकरण एका मुठीत आलं आहे, आणि ती मूठ कुठे भरायची ते मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "पत्रिका पाहिली. छान आहे. झूम करून पाहिली." मी विचारलं, दादा, आपली चिखली नेमकी कोणती? तुम्ही म्हणालात, "आपली चिखली म्हणजे आपली चिखली," आणि फोन बंद. (नेटवर्क गेलं असावं. पुण्यात असं होत असेल.)

आता हे उत्तर तसं बरोबरच आहे, फक्त उपयोगाचं नाही. मी नकाशावर 'चिखली' टाकलं तर विदर्भाला गोवर आल्यासारखे लाल ठिपके उठले. बुद्रुक, खुर्द, नदीकाठची, रेल्वेजवळची, कोणाच्या तरी नावाची. एकाच नावाची इतकी गावं वसवायची म्हणजे आपल्या लोकांना नावं सुचत नव्हती, की चिखलच तेवढा होता, कोण जाणे. आणि मी तरी कोण हसणार? मी राहतो त्या प्रताप नगरातले प्रताप कोण, हे मी चौघांना विचारलं तर पाच उत्तरं मिळाली. शेजारच्या जोशीकाकूंच्या मते तो प्रताप प्लॉट पाडणाराच होता. अशी प्रताप नगरं गावोगावी आहेत. गेल्या दिवाळीत माझ्या मेहुण्याने पाठवलेला फराळ दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या प्रताप नगरात गेला आणि तिथल्या कुटुंबाने, चकली छान होती, असा फोन केला. असो.

या शोधात माझ्या बरोबर कोण, तर आमचे होणारे व्याही आनंदराव. कन्हानला त्यांचे ट्रक आहेत, माणूस सोन्यासारखा, पण कुठलीही गोष्ट मुळापासून बघायची सवय. आणि मुळावर घाव मीच घातला होता. साखरपुड्यात जरा वजन पडावं म्हणून मी तुमचीच गोष्ट सांगितली होती, की आपल्या पूर्वजांना दरबारातून चिखली इनाम मिळाली, वाजतगाजत प्रवेश केला, वगैरे. (घोडा मी माझ्या पदरचा घातला. तुमच्या गोष्टीत पालखी आहे.) आनंदराव माती आणायचं ऐकताच उठून उभे राहिले. "चला व्याहीबुवा, तुमचं इनाम पाहून येऊ. गाडी माझी, डिझेल माझं, गाव तुमचं." नाही म्हणायला जागा नव्हती. प्रीतीने श्रीखंडाचे धुतलेले डबे पिशवीत घालून दिले आणि दारातच सांगितलं, जास्त बोलू नका. मी कधी जास्त बोलतो?

पहिली चिखली शहराने गिळलेली निघाली. गोदामं, प्लॉटचे फलक, आणि दोन गोदामांच्या मधे संकोचून उभं असलेलं मारुतीचं देऊळ. पानठेल्यावर विचारलं, हे नाव चिखलावरून पडलं का? पानवाल्याचा चुना लावता हात थांबला. "चिखलावरून काहून पडल भाऊ? इथं चिकूच्या बागा होत्या." मी आजूबाजूला पाहिलं. पत्र्याखेरीज काही हिरवं नव्हतं, आणि पत्राही निळा होता. आनंदराव म्हणाले, चिकूवरून चिकूली झाली असती. पानवाला म्हणाला, तुम्ही ट्रान्सपोर्टवाले दिसता. आणि दादा, तिथेच मला या दौऱ्याचं सूत्र सापडलं. चिखलीत राहणारा कोणताही माणूस आपलं गाव चिखलावरून आहे हे मान्य करत नाही. ते सोडून बाकी सगळं मान्य करतो. डबा भरून घेतला, त्यात मातीपेक्षा सिमेंट जास्त होतं.

दुसरी चिखली कन्हानच्या पलीकडे. तिथल्या उपसरपंच सिंधूताई, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला आधी देवळात नेलं. गावाची देवी चिखलाई, दर वर्षी तिला चिखलाचा लेप लावतात. म्हणजे चिखलावरून देवीचं नाव आणि देवीवरून गावाचं, असं मी अंदाजाने म्हटलं, तर त्यांनी सूप खाली ठेवलं. "उलटं आहे. देवी पहिले आली. मंग तिच्या अंगाले जे लावलं, त्याले लोक चिखल म्हणाले लागले." थोडक्यात, मराठीतल्या समस्त चिखलाला ते नाव या गावाने दिलेलं आहे आणि गावाने त्याबद्दल आजवर काही मागितलेलं नाही. आनंदरावांनी आमच्या इनामाची चौकशी केली. चिखलीकर नावाचं कोणी घराणं? सिंधूताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलेपाशी थोडा जास्त वेळ घेतला आणि म्हणाल्या, "चिखलीत कोणी चिखलीकर नसते दादा. इथं सगळेच चिखलीचे. जो सोडून गेला तो चिखलीकर. तुमच्या नावाचा अर्थच तो आहे, का तुम्ही इथं नाही राहत." मी डबा भरला. परतीच्या वाटेवर आनंदराव गाडी चालवता चालवता पुन्हा पुन्हा बाजूच्या खिडकीबाहेर पाहत होते. खिडकीबाहेर त्यांचेच ट्रक होते, म्हणून ते तिकडेच पाहत असावेत असं मी धरून चाललो.

तिसरी वर्ध्याच्या बाजूला. तिथे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांचं म्हणणं, मूळ शब्द 'शिखरावली', म्हणजे शिखरांची रांग. तिची शिखरली, तिची चिखली. चहू दिशांना जमीन तव्यासारखी सपाट. गावातलं सगळ्यात उंच काय, तर मोबाइलचा टॉवर. मी शिखरं कुठे आहेत असं विचारलं, तर गुरुजी शांतपणे म्हणाले, झिजली. दीड तास ते बोलले, आणि त्या काळात जेवढी शिखरं झिजली तेवढीच माझी कंबरही झिजली. डबा त्यांनी स्वतःच्या हाताने भरून दिला, वर लेबल चिकटवलं, 'शिखरावली'.

आणि चौथी. या चौथीला आम्ही नीट पोचलोच नाही. गावाच्या अलीकडे नळयोजनेचा पाइप फुटला होता, त्याचं पाणी रस्त्यावर साचून, ऐन चैत्रात, बाकी जिल्हा धुळीने पांढरा झालेला असताना, तिथे एक अस्सल, काळा, लोण्यासारखा चिखल तयार झाला होता. आनंदराव म्हणाले, माझे ट्रक पावसाळ्यात खाणीत जातात, हे काय आहे. आणि त्यांनी गाडी घातली. पुढची दोन चाकं गेली, मग मागची दोन गेली, मग पायदान गेलं. दार उघडेना. आम्ही दोघं व्याही, जाकिटं घालून, खिडकीतून माना काढून बसलो. रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होत्या, इंदूबाई नाव त्यांचं, नंतर कळलं. त्या थांबल्या. भारा उतरवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि सवयीने, मी विचारलं, मावशी, या गावाचं नाव चिखलावरून पडलं का?

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "नाही गा," त्या म्हणाल्या, "कापसावरून पडलं."

ट्रॅक्टर शेतावर गेला होता, तो दिवस कलल्यावर येणार. तोवर इंदूबाईंनी गावातली माणसं बोलावून खिडकीतून आम्हाला बाहेर काढून (मला दोन माणसं लागली, आनंदरावांना चार) घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. जेवताना त्यांनी नावाचा उलगडा सांगितला, तोही भाकरी थापता थापता, मान वर न करता. "सगळ्या चिखल्या अशाच झाल्या. पाण्यापावसात कोणाची तरी बैलबंडी फसे. निघत नसे. मंग बायकोनं तिथंच चूल मांडली, लेकरं झोपली, बंडी निघेपरेंत पेरणीचे दिवस आले. गाव झालं. तुमचीही फसली आहे. पाहा एखादा प्लॉट."

दादा, चार गावांत मला पटलेलं हे एकच स्पष्टीकरण. एका नावाची इतकी गावं का, याचंही उत्तर त्यात येतं. बंड्या सगळीकडेच फसतात. आनंदराव मात्र घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मोडतं की काय लग्न. ते म्हणाले, "व्याहीबुवा, म्हणजे तुमचे पूर्वज इनामदार नव्हते. फसले होते." मी होकार दिला, नाकारायला तोंडात भाकर होती. "मंग असं सांगाचं ना साखरपुड्यातच. माझा आजा कन्हानले कसा आला, माहीत आहे? ट्रक बिघडला. पार्ट यायले वेळ लागला, तेवढ्यात त्यानं चहाची टपरी टाकली. मी तिकडं टेन्शन घेऊन राहिलो होतो, का इनामदाराची पोरगी आपल्या घरी कशी राहील." आणि त्यांनी ठेचा माझ्याकडे सरकवला. मुलीच्या बापाला एवढं मोठं आश्वासन ठेच्यावर मिळालेलं मी तरी ऐकलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं श्रेय अर्थात मिरचीला दिलं.

दिवस कलल्यावर ट्रॅक्टरने गाडी निघाली, चौथा डबा तिच्या चाकांवरूनच भरला. तर असे चार डबे घेऊन मी आत्यापुढे हजर झालो. तिने चष्मा लावला, एकेक झाकण उघडलं, लावलं. शिखरावलीच्या डब्यावर थोडी थांबली, कारण आत खाली श्रीखंड राहिलं असावं अशी तिला शंका आली. मी प्रत्येक गावाची हकिगत सांगितली. ती ऐकून ती इतकी हसली की प्रीतीने पाणी आणलं. मी म्हटलं, मग यांतली कोणती? चारही एकत्र करू, कोणती तरी आपली असेलच. ती एकदम गंभीर झाली. "यातली एकही नाही. मले गोपाळनं आणली होती तशी माती पाहिजे. त्याले विचार, त्याले ठाऊक आहे." आणि चारही डबे तिने माझ्याकडे परत सरकवले. मयुरा दारात उभी होती. ती फोनवर कोर्ट किती वाजता उघडतं ते बघत होती.

म्हणून हे पत्र. आपली चिखली कोणती, कोणत्या फाट्यावर वळायचं, माती नदीकाठची घ्यायची की शेतातली, एवढंच उलट टपाली कळवावं. मांडवाला आता फारसे दिवस नाहीत. वहिनींना नमस्कार, तुमच्या गौरांगला आशीर्वाद. तुमच्या उत्तराची वाट पाहणारा, गट्टू उचकून बसलेला,

तुमचा धाकटा
दुर्गेश

ता. क. पत्र पाकिटात घालणार होतो, पण खरं ते लिहून टाकतो. मोहितच्या लग्नात तुम्ही पुण्याहून थेट रात्रीच्या गाडीने आला होता. वाटेत कोणत्याच चिखलीला उतरला नव्हता, कारण स्टेशनवर तुम्हाला घ्यायला मीच गेलो होतो आणि ती गाडी तेव्हा वेळेवर आली होती. तरी तुम्ही आत्यापुढे डबा ठेवलात आणि असं काही तोंड केलंत की आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तेव्हा विनंती अशी की माती कुठलीही चालेल. तोंड मात्र तेच घेऊन या. माझं तोंड चालत नाही, चार डब्यांवर करून पाहिलं.

ता. क. २. वरची विनंती मागे घेतो. प्रीतीने आत्याला आत्ता सरळच विचारलं, गोपाळभाऊजींनी आणलेली माती खरंच चिखलीची होती का? आत्या म्हणाली, "कुठची वं चिखलीची. त्याच्या सोसायटीतल्या कुंडीतली होती. शेवंतीचं मूळ होतं त्यात. ते मी परसात लावलं, यंदा भरून फुललं." प्रीती म्हणाली, मग यांना चार गावं काहून हिंडवलं? "त्या कुंडीतली का होईना, आणली ना त्यानं. गुडघे दुखून राहिले, तरी मांडीवर डबा धरून आला. अन् हा त्याले पत्रिका पाठवते मोबाइलवर. घरातल्या मोठ्याले. ना अक्षत, ना सुपारी. मी म्हटलं असतं जाय पुण्याले, तर गेला असता हा? म्हणून मातीचं काढलं." हे सगळं ती मी शेजारच्या खोलीत आहे हे माहीत असून बोलली, आणि माहीत होतं म्हणूनच बोलली. आपली चिखली तिने पाहिलेली नाही. तिच्या वडिलांनीही नाही. ते मांडवासाठी घरच्याच विहिरीजवळची माती घ्यायचे.

ता. क. ३. इथून अक्षर हललेलं दिसेल. वयाला दोष देऊ नका, रेल्वेच्या डब्याची चाकं बडनेऱ्याच्या आसपास फार वाजतात. पत्र टपालात टाकलेलं नाही. तोंडाने सांगावं तर तुम्ही मशीन काढून खिशात ठेवाल, आणि तुमचंही बरोबर आहे, म्हणून हे हातात देतो आहे. वाचून झालं असेल तर मान वर करा. समोरच्या खुर्चीत, अक्षतांची पुडी मांडीवर धरून बसलाय तो मीच. वहिनींना चहा टाकायला सांगा. तुम्हा दोघांची परतीची तिकिटं माझ्याकडे आहेत, खालच्या बर्थची. निघताना तेवढी कुंडी कोणती ते दाखवा.